आरोपपत्राचे प्रत्येक पान वाचा!

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे राबणारा आपला एखादा तरुण गुन्ह्यात अडकतो. आरोपपत्र दाखल होते आणि वस्तीत लगेच बोलले जाते, 'केस लागली, पोरगा गेला!' घरचे लोक ओळखीपाळखीच्या मागे धावतात, आईचे डोरले गहाण पडते. कागदांत काय लिहिले आहे, हे मात्र कोणी वाचत नाही. आरोपपत्र हे पोलिसांचे म्हणणे असते, न्यायालयाचा निकाल नव्हे, हे आधी आपण समजून घेतले पाहिजे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. आपल्याच नाशिक तालुक्यात, बेलतगव्हाण येथे, 5 जून 2003 च्या रात्री दरोडा, खून आणि बलात्काराचा भीषण गुन्हा घडला. भटक्या जमातीतील सहा गरीब मजुरांना आरोपी करण्यात आले. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. पण 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. दहा वर्षांनी, 5 मार्च 2019 रोजी, त्याच न्यायालयाने फेरविचार करून सर्वांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. हल्ल्यातून वाचलेल्या महिलेने सुरुवातीलाच पोलिसांकडील फोटोंमधून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नाही! ही गोष्ट खटल्याच्या कागदांत होतीच. तिची दखल घ्यायला सोळा वर्षे लागली. सहा आयुष्ये तुरुंगात सडली आणि ज्या कुटुंबावर घाला पडला, त्याच्या पदरीही न्याय पडला नाही.

म्हणून कागद वाचले पाहिजेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 230 नुसार, आरोपी न्यायालयात हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत आरोपपत्र, फिर्याद व साक्षीदारांचे जबाब यांच्या प्रती त्याला मोफत मिळाल्या पाहिजेत. त्या मागून घ्या. पुरावाच नसेल तर आरोपातून वगळण्याचा अर्ज करता येतो, त्याला 60 दिवसांची मुदत आहे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत? 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमाती, महिला, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात अर्ज द्या किंवा 15100 वर फोन करा. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही.

हे हक्क कोणाची मेहेरबानी नव्हेत. 'कायद्याने ठरवलेली पद्धत' एवढ्याच शब्दांवर व्यक्तिस्वातंत्र्य सोडणे धोक्याचे आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी 15 सप्टेंबर 1949 रोजी घटना समितीत स्वतः एक नवे कलम मांडले. अटकेचे कारण सांगणे, वकिलाचा सल्ला घेऊ देणे, 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करणे, हे त्यात आले. तेच आजचे कलम 22. अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत आणि लेखी दिली पाहिजेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला, तो याच कलमाच्या आधारे.

कलम पुस्तकात राहिले तर त्याचा उपयोग काय? जयंतीची वर्गणी गोळा करणारी आपली मंडळे प्रत्येक वस्तीत कायदा जाणणारे दोन कार्यकर्ते का तयार करू शकत नाहीत? सातपूरच्या बुद्धविहारात आठवड्यातून एक संध्याकाळ आपल्यातल्या एखाद्या वकिलाने बसावे, आरोपपत्र मोठ्याने वाचून दाखवावे, न समजलेले समजावून सांगावे. 'शिका' या आदेशात हेही वाचन येते. आपला माणूस दोषी असेल तर कायदा त्याला शिक्षा देईल. पण केवळ कागद न वाचल्यामुळे एकही निरपराध तुरुंगात राहता कामा नये. एवढे तरी आपल्या हातात आहे.

जयभीम!