क्लिप आवळण्याआधी

फार्महाउसचा पूल असो की बंगल्याच्या अंगणात उन्हाळ्यापुरता उभा केलेला फ्रेमचा पूल, होजच्या सांध्यातून पाणी ठिबकायला लागलं की हात आधी स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. क्लिप अजून दोन फेरे आवळली की झालं, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात घरगुती पुलाच्या पाइपात फारसा दाबच नसतो. फिल्टरवरचा काटा बहुधा अर्धा ते दीड बारच्या दरम्यान असतो. चार-पाच मजल्यांवरच्या टाकीचं पाणी तळमजल्याच्या नळाला येतं, फार तर तेवढाच हा दाब. लहान फ्रेम पुलात तो त्याहून कमी. एवढ्याला बेताची आवळलेली क्लिप पुरते. जास्त आवळलं की होजच्या आतलं प्लॅस्टिकचं तोंड दबून लंबगोल होतं किंवा त्याला केसाएवढी चीर जाते, आणि मग गळती खरोखरच सुरू होते.

बाजारात जिला ‘जुबली क्लिप’ म्हणतात, ती ब्रिटिश नौदलातल्या लम्ली रॉबिन्सन यांच्या १९२१च्या पेटंटमधून आली. तिच्या पट्टीवर खाचा असतात आणि स्क्रू फिरवला की पट्टी पुढे सरकते. मऊ होजमध्ये या खाचांच्या कडा रुतू शकतात, म्हणून क्लिपपेक्षा होज नीट बसवण्याला महत्त्व जास्त. ती तोंडावर अगदी शेवटपर्यंत चढवायची. ताठ असेल तर टोक दोन-चार मिनिटं गरम पाण्यात धरायचं. तेल लावायचं नाही. क्लिप तोंडावरच्या उंच कडेवर नको, कडेच्या मागे बसली पाहिजे. खाचांतून होज जरा फुगून दिसायला लागली की थांबायचं. उन्हात आणि दाबाखाली पीव्हीसी थोडं बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी हलकासा एक वळसा द्यायचा. दोन क्लिपा लावण्याचा सल्ला चांगला आहे, पण दोन्ही मावतील एवढं तोंड लांब असेल तरच.

‘स्टेनलेस आहे, गंजणार नाही’ हेही अर्धसत्यच. स्वस्त क्लिपांत पट्टी स्टेनलेस आणि स्क्रू मुलामा दिलेल्या साध्या लोखंडाचा असतो. क्लोरीनच्या पाण्याजवळ आधी स्क्रू जातो. चांगल्या क्लिपांवर श्रेणी ठोकलेली असते: डब्ल्यू-४ म्हणजे पट्टी, स्क्रूचं घर आणि स्क्रू तिन्ही स्टेनलेस, डब्ल्यू-५ त्याहून क्षारसह. मिठाच्या क्लोरिनेटरचा पूल असेल तर डब्ल्यू-५च घ्यावी.

आता सर्वांत फसवा समज: पाणी दिसत नाही म्हणजे गळती नाही. पंपाच्या अलीकडची, म्हणजे पुलाकडून पाणी ओढणारी बाजू चालू पंपात ओढीखाली असते. तिथल्या फटीतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. सांधा बाहेरून कोरडा ठणठणीत! खूण मिळते ती दुसरीकडे. पुलात परत येणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसतात, पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी पूर्ण भरत नाही, काटा थरथरतो. पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर तो बंद केल्यावर तोच सांधा ठिबकतो. पातळीच्या वर असेल तर पाणी मागे पळतं आणि सकाळी पंप पाणी धरत नाही. अशा वेळी माणसं मोटरलाच दोष देतात. चालू पंपाच्या संशयित सांध्यावर दाढीचा फेस लावून बघा. फट असेल तिथे तो आत ओढला जातो. बऱ्याचदा दोष होजचा नसतोच, पंपाच्या जाळीवरच्या झाकणाची ओ-रिंग वाळलेली असते. तिला व्हॅसलीन लावू नये. पुलाच्या पंपांत ईपीडीएम रबराच्या रिंगा खूप असतात आणि पेट्रोलियमनं ते रबर फुगतं. सिलिकॉनचं ग्रीस वापरावं.

याउलट पातळी उतरली म्हणजे गळतीच, असंही नाही. कडक उन्हाळ्यात दिवसाला ५ ते १० मिलिमीटर पाणी नुसतं वाफेनं जाऊ शकतं. ८ मीटर बाय ४ मीटरच्या पुलात १ मिलिमीटर म्हणजे ३२ लिटर; त्यामुळे आकडा ऐकून माणूस घाबरतो. बादली पुलाच्या पायरीवर पाण्यात ठेवा, आत-बाहेर सारखी पातळी राखून खुणा करा आणि २४ तासांनी पाहा. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा ६ मिलिमीटरहून जास्त उतरली तर गळती शोधायला निघा. सेकंदाला एक थेंब ठिबकणारा सांधा दिवसाला जेमतेम चार-साडेचार लिटर घालवतो. पातळी झपाट्यानं उतरत असेल तर दोष त्या सांध्यात नाही.

टेफ्लॉन टेपवर आपल्या प्लंबरांची फार श्रद्धा. ती निमुळत्या आट्यांसाठी आहे. युनियनच्या नटात पाणी आटे अडवत नाहीत, ओ-रिंग अडवते; तिथे टेपचे वेढे दिले की रिंग नीट बसत नाही. असा नट हातानंच आवळायचा. पीव्हीसीचं सोल्युशन हा डिंक नव्हे, ते पीव्हीसीचा पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करतं. फ्रेम पुलाची पन्हळी होज बऱ्याचदा पॉलिथिलीनची असते, तिच्यावर ते चालत नाही आणि एम-सीलही धड धरत नाही. मधोमध चिरलेली होज टेप गुंडाळून वाचवण्यात अर्थ नाही. चिरलेला तुकडा कापून जोडणी बसवायची, पण काप गुळगुळीत पट्ट्यावरच घ्यायचा, कारण पन्हळींवर क्लिप पाणी अडवू शकत नाही. दुकानात जाताना जुना तुकडा बरोबर न्यावा. ३२ आणि ३८ मिलिमीटर नजरेला सारखेच वाटतात.

सांधा उघडण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा किंवा आतून बूच मारा, नाहीतर त्या तोंडाच्या पातळीपर्यंतचा पूल अंगणात येईल. पंपाचं बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. गळका करंट ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर होजच्या आधी तो बसवा.

आणि ‘एवढासा पंप, काय ओढणार?’ हा समज तर जिवावरचा. ०.३ बारची ओढ ३८ मिलिमीटरच्या तोंडावर साडेतीन किलोच्या आसपास भरते. तीच ओढ २० सेंटिमीटर व्यासाच्या, अंगानं पूर्ण झाकलेल्या तळजाळीवर नव्वद किलोच्या वर जाते. अमेरिकेत २००२मध्ये व्हर्जिनिया ग्रेम बेकर ही सात वर्षांची मुलगी हॉट टबच्या अशाच निचरा-तोंडाला चिकटून बुडाली. तिच्याच नावाच्या २००७च्या कायद्यानं तिथे सुरक्षित जाळ्या सक्तीच्या झाल्या. होजची ओढ तळहात लावून तपासू नका. तळाची जाळी तडकलेली किंवा सैल दिसली, तर ती बदलेपर्यंत पंप सुरू करू नका आणि कुणाला पाण्यात उतरू देऊ नका.