मृत्युपत्रातील मुकी माणसे

आपल्याकडे उच्चवर्णीयांचे कुलवृत्तान्त छापले जातात. त्यात पिढ्यान् पिढ्यांची नावे ओळीने सापडतात. ज्यांच्या पूर्वजांना कागदावर जागाच नव्हती, त्यांनी आपले कूळ कोठे शोधायचे? अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपुढेही हाच प्रश्न आहे. तेथे १८५० व १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद मालकाच्या नावाखाली, वय, लिंग व रंग एवढीच होई. नावानिशी माणूस म्हणून त्यांची नोंद झाली ती १८७० साली. त्यामागे जायचे तर मालकाच्या घरातूनच जावे लागते. आणि तेथे हाती लागतो तो मालकाच्या मृत्युपत्राचा कागद.

हा कागद सरळ वाचता येत नाही. व्हर्जिनियातील वसाहतकालीन मृत्युपत्रात 'सन-इन-लॉ' म्हटले की तो जावईच असेल असे नाही. सावत्र मुलालाही तोच शब्द वापरीत. 'कझिन' हा पुतण्या किंवा भाचाही असू शकतो. थोरल्या मुलाचे नाव नसले तर तो मेला असे समजू नये. मृत्युपत्र नसल्यास जमीन थोरल्याकडेच जाई. हा कायदा १७८५ साली रद्द झाला. शिवाय त्याचा वाटा पुष्कळदा बापाने हयातीतच दिलेला असे.

पण खरी मेख गुलामांच्या ओळीत आहे. १६६२ च्या कायद्याने मूल आईच्या दर्जाचे ठरविले. आई गुलाम तर मूल गुलाम. बाप मालक असला तरी. मृत्युपत्रात अमुक स्त्री 'आणि तिची पुढील वाढ' मुलीला दिली, असे लिहिलेले आढळते. वाढ हा शब्द गुरांसाठीही तोच! यामुळे आईचे नाव कागदावर टिकले, बापाचे मात्र सोयीस्करपणे पुसले गेले.

जॉन वेल्स हा मळेवाला १७७३ साली वारला. त्याची मुलगी मार्था ही थॉमस जेफर्सनची बायको. तिच्या वाट्याने जेफर्सनकडे १३५ गुलाम आले. त्यात एलिझाबेथ हेमिंग्ज आणि तिची मुले होती. त्यांतील सॅली ही वेल्सचीच मुलगी, असे सॅलीचा मुलगा मॅडिसन याने १८७३ साली सांगितले. म्हणजे बहिणीला बहीण वारशाने मिळाली!

'सर्व माणसे समान' असे लिहिणाऱ्या जेफर्सनचे मृत्युपत्र १८२६ चे. त्याच्या पुरवणीत पाच जणांना मुक्ती आहे. मॅडिसन व ईस्टन ही सॅलीची मुले. कागद त्यांना सुतार जॉन हेमिंग्जचे 'उमेदवार' म्हणतो, मुलगे म्हणत नाही. सॅलीचे तर नावच नाही. ईस्टनच्या वंशजाची १९९८ साली रक्ततपासणी झाली. तो जेफर्सन घराण्याच्या पुरुषवंशातला निघाला. मॅडिसनचा शब्द आणि ही तपासणी जवळ ठेवली, म्हणजे 'उमेदवार' या शब्दाचा अर्थ उलगडतो.

तेव्हा मृत्युपत्र एकटे वाचू नये. त्यासोबत मालमत्तेची यादी, मूल्यांकन आणि लिलावाचे कागद काढावेत. कोणत्या आईशेजारी कोणत्या मुलांची नावे आहेत, ते पाहावे. याच मृत्युपत्राने लोहार जो फॉसेट मुक्त झाला. त्याची बायको एडिथ आणि मुले त्यात नव्हती. ती जानेवारी १८२७ च्या लिलावात सापडतात.