विज्ञानसमूहातील पदभरतीची सूचना : माहिती की जाहिरात?

प्रस्तावना

संशोधकांच्या संस्था, त्यांची नियतकालिके आणि आंतरजालावर उभे राहिलेले विज्ञानसमूह यांच्या नियमावलीत जाहिरातींना मज्जाव करणारे कलम पुष्कळदा आढळते. उपकरणे, रसायने वा पुस्तके विकणाऱ्यांना ते सहज लागू पडते. परंतु एखाद्या प्रयोगशाळेत संशोधन सहायकाची जागा रिक्त आहे, अशी सूचना कोणी तेथे दिली, तर तिलाही हेच कलम लावावे काय? तिला जाहिरात म्हटले तर ती काढून टाकावी लागते. माहिती म्हटले तर ती राहते. मात्र तिच्या खरेखोटेपणाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते पदभरतीची सूचना ही जाहिरातच होय, आणि तसे मान्य करूनच तिला प्रवेश दिला पाहिजे.

शब्दाचा विचार

मराठीत हा पेच काहीसा शब्दानेच निर्माण केला आहे. ‘प्राध्यापकांच्या जागांची जाहिरात निघाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी काही विकत आहे असे कोणाच्याही मनात येत नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोग आपल्या पदभरतीला ‘जाहिरात क्रमांक’ देतो. शब्दाच्या मुळाशी ‘जाहीर’, म्हणजे उघड, हा अर्थ आहे. साबणाची आणि सहायक प्राध्यापकाच्या पदाची अशा दोन्ही जाहिरातींना एकच नाव असल्याने ‘जाहिरातबंदी’ हा शब्द वाटतो त्यापेक्षा बराच व्यापक ठरतो. याउलट 1959 च्या सेवायोजन कार्यालयांविषयीच्या कायद्याने रिक्त पदे ‘अधिसूचित’ करण्याची सक्ती केली होती; तेथे जाहिरात हा शब्द टाळला गेला, हे लक्षणीय आहे.

न्यायालयांचा दृष्टिकोन

या प्रश्नावर सर्वांत थेट प्रकाश टाकणारा निर्णय अमेरिकेतील आहे. पिट्सबर्ग प्रेस हे वृत्तपत्र नोकरीच्या जाहिराती पुरुषांसाठी व स्त्रियांसाठी अशा वेगवेगळ्या स्तंभांत छापत असे. शहराच्या मानवी संबंध आयोगाने त्यास हरकत घेतली. स्तंभांची मांडणी हा संपादकीय स्वातंत्र्याचा भाग आहे, असा वृत्तपत्राचा युक्तिवाद होता. 1973 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. या जाहिराती संभाव्य नोकरीचा प्रस्ताव मांडतात, त्यापलीकडे कोणतेही सामाजिक मत मांडत नाहीत. म्हणून त्या व्यापारी अभिव्यक्ती ठरतात आणि बेकायदेशीर भेदभावास त्यांची ढाल करता येत नाही, असा निर्णयाचा आशय होता. नोकरीच्या सूचनेला ‘जाहिरात’ ठरवल्यामुळे येथे स्त्री उमेदवारांचे नुकसान न होता त्यांना संरक्षण मिळाले, हा मुद्दा पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

भारतात 1995 च्या टाटा प्रेस विरुद्ध महानगर टेलिफोन निगम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यापारी जाहिरात ही राज्यघटनेच्या अनुच्छेद 19(1)(क) खालील अभिव्यक्तीचा भाग असल्याचे मान्य केले. जाहिरातीतून माहितीचा प्रसार होतो आणि ती मिळण्याचा हक्क समाजालाही आहे, ही त्यामागील भूमिका होती. (वादाचा विषय मुंबईतील पिवळ्या पानांची पुस्तिका होता. ती दूरध्वनीधारकांची यादी नसून जाहिरातींचा संग्रह आहे, असे न्यायालयाने ठरविले. नुसत्या ‘यादी’मागेही जाहिरात असू शकते, हे त्यातून दिसते.) तात्पर्य, माहिती आणि जाहिरात हे परस्परांना वगळणारे वर्ग नाहीत.

सूचनाफलकाचे उदाहरण

पिट्सबर्गच्या निर्णयानंतर वर्षभरातच, 1974 च्या सुमारास, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एका सूचनाफलकावर टेल्को कंपनीच्या अभियंत्यांच्या जागांची सूचना लागली होती. स्त्री उमेदवारांनी अर्ज करू नये, असे त्यात म्हटले होते. तेथे शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्ती, यांनी त्याविरुद्ध थेट जे. आर. डी. टाटा यांना पोस्टकार्ड लिहिले. त्यांना पुण्यात मुलाखतीस बोलावण्यात आले आणि नोकरीही मिळाली. ही हकिकत त्यांनी स्वतःच लिहिली आहे व ती सर्वपरिचित आहे. तिचा शेवट गोड असल्याने एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते : ती सूचना देशातील अग्रगण्य विज्ञानसंस्थेच्या फलकावर होती. फलकावरील कागद ही केवळ माहिती असे धरले की तो लावू देणाऱ्याला मजकूर तपासण्याचे कारण उरत नाही. त्या काळी प्रत्येक वाचणारी पोस्टकार्ड लिहिणारी नव्हती, आजही नसते.

शुल्क हा निकष पुरेसा नाही

पैसे घेतले तर जाहिरात, न घेतले तर सूचना, अशी सोपी विभागणी पुष्कळांना पटते. प्रत्यक्ष व्यवहार तिला जुमानत नाही. ‘नेचर’ व ‘सायन्स’ या नियतकालिकांच्या पदभरती विभागांत संस्था शुल्क भरून जागा प्रसिद्ध करतात. 2008 मध्ये सुरू झालेल्या रिसर्चगेट या संशोधकांच्या समूहाचे सदस्यत्व विनामूल्य आहे आणि त्याच्या उत्पन्नात पदभरतीच्या जाहिरातींचा वाटा आहे. उलट उच्च-ऊर्जा भौतिकीतील ‘इन्स्पायर’ ही सेवा अशाच जागांची नोंद विनाशुल्क करते. एकाच प्रयोगशाळेची तीच जागा दोन्हीकडे येऊ शकते. मग मजकूर एके ठिकाणी जाहिरात आणि दुसरीकडे माहिती कसा ठरावा? शुल्कामुळे प्रसिद्ध करणाऱ्याचे हितसंबंध बदलतात आणि ते वाचकाला कळले पाहिजेत. परंतु सूचनेचे स्वरूप त्याने बदलत नाही.

बंदी का नको

सार्वजनिक पदांच्या बाबतीत जाहिरात हा समान संधीचा पहिला टप्पा आहे. उत्पादन शुल्क अधीक्षक विरुद्ध विश्वेश्वर राव (1996) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने केवळ सेवायोजन कार्यालयाकडून नावे न मागवता वृत्तपत्रे, सूचनाफलक, आकाशवाणी, दूरदर्शन यांद्वारे पदे जाहीर करावीत, असे म्हटले. उमादेवी खटल्यात (2006) पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खुल्या स्पर्धेविना झालेल्या नेमणुका नियमित करण्यास नकार दिला. विज्ञानक्षेत्रात अल्प मुदतीच्या प्रकल्पपदांची माहिती मार्गदर्शकांच्या परिचयातून तोंडोतोंडी फिरते. ग्रामीण महाविद्यालयातून एम.एस्सी. झालेल्या विद्यार्थ्याला ती कळण्याचे मार्ग थोडे असतात. समूहाने सूचना रोखली, तरी जागा भरली जातेच. फक्त ओळखीतल्याकडून ती भरली जाण्याची शक्यता वाढते.

जाहिरात म्हणून स्वीकारल्यावर

अशा सूचनेकडून काय मागावे, हे मग स्पष्ट होते. पदाचा कालावधी, विद्यावेतन, निधी देणारी संस्था आणि अर्जाची अंतिम तारीख दिलेली असावी. मुदत उलटलेली सूचना काढावी. ‘विद्यावेतन नियमानुसार’ या शब्दप्रयोगाला तर प्रस्तुत लेखकाची विशेष हरकत आहे. केंद्राच्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन अधिछात्रास 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 रुपये व घरभाडे भत्ता मंजूर आहे. आकडा ठरलेला असताना तो न लिहिण्याचे कारण काय? नियम उमेदवाराने शोधावा अशी अपेक्षा असेल, तर प्रकल्पात प्रत्यक्षात कमी रक्कम मिळणार असल्यास ते त्याला रुजू झाल्यावरच कळते.

मध्यस्थांची गोष्ट निराळी. संस्थेचे नाव न देता केवळ अर्ज व माहितीपत्रके गोळा करणारी, किंवा नोंदणीसाठी उमेदवाराकडूनच पैसे मागणारी सूचना कोणतेही पद जाहीर करत नाही. तिच्यातून वाचकाला काहीच कळत नसल्याने तिला मज्जावाचे कलम लावण्यास अडचण नसावी.