बाजारात टांगलेला तलाव

पहाटे साडेपाच.
रात्री भिजत घातलेला बाभळीचा डिंक विरघळलाय. फडक्यातून गाळून तो दोन वाट्यांत काढतो. एकीत गेरू, दुसरीत तलावाची चिकणमाती. ही माती मुलांनी तीन दिवस निवळून वस्त्रगाळ केली आहे. पळस नुकता फुलू लागलाय, त्याच्या फुलांचा केशरी रंग कालच उकळून ठेवला. तलावाचं चित्र तलावाच्याच मातीनं काढायचं, एवढा एकच नियम मी आठवीच्या वर्गाला दिला होता.

साडेसहा.
अड्याळच्या तलावाच्या पाळीवर धुकं आहे. लाखोरीच्या बांधांवरून मुलं एकेक करून येतात आणि पुठ्ठे मांडीवर घेऊन बसतात. समोर हळदीकुंकू बदकांचा थवा, कडेला वारकरी पक्षी, आणि काठापासून आत शिरत गेलेली बेशरमची झुडपं. गेल्या वर्षी याच मुलांनी पर्यावरणाच्या स्पर्धेसाठी रडणारी पृथ्वी काढली होती, खाली 'झाडे लावा, झाडे जगवा'. तसल्या चित्रानं गावातलं कुणी हलत नाही, हे मी इतक्या वर्षांत पाहिलंय. पृथ्वी कुणाची शेजारीण नाही. तलाव आहे. म्हणून यंदा सांगितलं, समोर दिसतं तेवढंच काढा. बेशरम दिसते तर बेशरम काढा, पाणी सोडायचं तुडूम फुटलंय तर फुटलेलं काढा.

अकरा.
वर्गात तासभर बोललो. फेब्रुवारीच्या २ तारखेला जगभर पाणथळ दिवस पाळतात, कारण १९७१ साली त्याच दिवशी इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागा राखण्याचा करार झाला. पण मुलांचे कान टवकारले ते गोव्याच्या गोष्टीनं. २०२० मध्ये, टाळेबंदीत, मोले अभयारण्यातून जाणाऱ्या दुपदरी रेल्वेमार्गाविरुद्ध तिथल्या चित्रकारांनी जंगलातले प्राणी, झाडं, फुलं रेखाटून घरोघरच्या मोबाईलवर पोचवली. ज्यांनी मोले पाहिलंही नव्हतं त्यांना ते आपलं वाटू लागलं. कायद्याची लढाई वकिलांनी आणि अभ्यासकांनी लढली, आणि ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं त्या मार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली.

एका मुलीनं विचारलं, "सर, आपल्याकडे असं कोणी करते का?" मी म्हटलं, पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात मारबतीच्या पुतळ्यांसोबत बडगे निघतात ना? महागाईचा, भ्रष्टाचाराचा बडग्या करून लोक तो मिरवत नेतात आणि जाळतात. विदर्भाचं चित्र भिंतीवर थांबलेलं नाही, ते रस्त्यावरच वाढलंय.

दोन.
आज बाजाराचा दिवस. भाजीच्या ओळीशेजारी चार बांबू रोवून सुतळी ताणली. चित्रं मुद्दाम खाली, कमरेच्याही खाली टांगली, म्हणजे जमिनीवर दुकान मांडून बसलेल्या बायांना मान वर न करता दिसावीत. सगळ्यात शेवटी जुनं नऊवारी लुगडं. त्याच्यावर मुलांनी नदी काढलीय. नागपूरच्या अंबाझरीपासून नाग नदी, पुढे कन्हान, आंभोऱ्याजवळ वैनगंगा, आणि पवनीजवळ गोसेखुर्दचं धरण. सुरुवातीचा काठ पांढरा आहे, नागपूर सोडताना काजळी काळा होतो आणि तो काळा रंग धरणापर्यंत जातो. खाली गोसेखुर्दच्या फुगवट्यातून आणलेल्या पाण्याची बाटली ठेवली. १९८८ मध्ये या धरणाचं भूमिपूजन झालं. तेव्हा नागपूरचं सांडपाणी इथे येऊन थांबेल असं कोण बोललं होतं?

साडेतीन.
एक म्हातारे ढिवर आजोबा मरळीच्या चित्रापाशी बराच वेळ उभे राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "मरळ अशी नसते जी मास्तर. तिचं तोंड सापावाणी रायते." चित्र काढणाऱ्या पोरानं तिथंच कोळसा दिला. आजोबांनी थरथरत्या हातानं डोकं चपटं केलं, पाठीवरचा पर शेपटीपर्यंत लांबवला. मग एकामागून एक नावं येत गेली: शिंगूर, वाघूर, बाम. "आता जाळ्यात येते का? रोहू नि कतला सोडता, तेच येते." एका मुलीनं वहीत सगळं उतरवून घेतलं. भोवती वीसेक माणसं जमली. बेशरम कोणत्या कोपऱ्यातून वाढत गेली, गाळ किती साचला, यावर त्यांचा वाद सुरू झाला. मी एक शब्द बोललो नाही. हे तलाव कोहळी समाजानं बांधले, गावानं राखले. १९५१ ला मालगुजारी गेली तेव्हापासून ते 'मामा', म्हणजे माजी मालगुजारी, तलाव झाले आणि राखण हळूहळू कुणाचीच उरली नाही. तलावाबद्दलचं गावाचं बोलणं आज पुन्हा ऐकलं.

सहा.
उजेड गेला. लुगड्याजवळ उभ्या असलेल्या एका बाईनं काळ्या काठाला हात लावून बोट पाहिलं, रंग आला का म्हणून. मग बाटलीकडे पाहिलं.

रात्री आठ.
वहीतली माशांची नावं एका कोऱ्या कागदावर नीट लिहिली. जैवविविधता कायदा २००२ चा आहे. त्यानुसार पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. त्या नोंदवहीत ही यादी जावी म्हणून अर्ज केला. दुसऱ्या अर्जात दोन मागण्या: पावसाळ्याआधी बेशरम उपटावी, आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेतून काढलेला गाळ शेतकऱ्यांना मिळावा. बाजारातच एकवीस सह्या झाल्या. मरळीच्या चित्रावर आजोबांचा अंगठा आहे.

१ मेला ग्रामसभा आहे. तोवर ही चित्रं शाळेच्या वऱ्हांड्यात राहतील, त्या दिवशी सभेच्या मंडपात लागतील. अड्याळकरांनो, या आणि आपल्या आठवणीतला एक तरी मासा सांगून जा. मुलं कोळसा घेऊन बसलेली असतील.