आई किती वेळा वाकते? संशोधनातलं मोजमाप आणि फरशी पुसणारा रोबो

पीएचडीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, "तुमचा आउटकम व्हेरिएबल कोणता?" मी पाठ केलेलं उत्तर दिलं आणि सुटले. त्या प्रश्नाचा खरा अर्थ कळला तो दोन वर्षांनी, सांगलीच्या घरी, झाडून-पुसून घेणाऱ्या एका रोबोमुळे. तुमच्यापैकी बरेच जण आता प्रपोजल लिहायला बसले असतील, म्हणून माझा घोळ सविस्तर सांगते.

आई एकटी राहते. सोबतीला मनी आणि गोट्या, म्हणजे एक मांजर आणि एक बोका. गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी वाकणं कमी करायला सांगितलं. पण दोन मांजरांचे केस म्हणजे रोजचं झाडणं आलं. मामाचं म्हणणं, "मांजरं देऊन टाक कुणाला तरी." आई त्यावर दोन दिवस मामाशी बोलली नाही. मग मी ठरवलं, रोबो घ्यायचा. जेआरएफचे महिन्याला ३७,००० मिळतात, त्यातून चार महिने पैसे बाजूला टाकले.

चूक पहिली: छापलेला आकडा म्हणजेच उत्तर

मी अकरा मॉडेल्सचा तक्ता केला आणि 'सक्शन'प्रमाणे उतरत्या क्रमाने लावला. हा आकडा पास्कलमध्ये असतो. आता विज्ञानाच्या विद्यार्थिनीला इथेच थांबायला हवं होतं. पास्कल हे दाबाचं एकक आहे. स्ट्रॉचं टोक बोटाने बंद करून ओढा, तोंडात ओढ भरपूर जाणवेल, पण रस एक थेंबही येणार नाही. उचलण्याचं काम दाब आणि हवेचा प्रवाह या दोघांच्या गुणाकारावर ठरतं. बॉक्सवरचा आकडा बहुतेक वेळा कमाल दाबाचा असतो, आणि कमाल दाब येतो तो प्रवाह जवळजवळ बंद असताना. शिवाय गुळगुळीत फरशीवर केस उचलले जाण्यात ब्रशचा वाटाही मोठा असतो. जास्त सक्शन खऱ्या अर्थाने लागतं ते जाड गालिच्याला. आमच्याकडे मोझॅकची फरशी आणि एक सतरंजी!

तरी मी यादीतला पहिला घेतला. आई फोनवर म्हणायची, "छान आहे गं मशीन." सुट्टीत घरी गेले तर मशीन पलंगाखाली, त्यावर गोट्या झोपलेला, आणि आईच्या हातात केरसुणी.

सरोगेट म्हणजे काय

आपल्याला हवी असते एक गोष्ट, आणि ती मोजायला अवघड म्हणून आपण मोजतो दुसरीच. या दुसरीला सरोगेट म्हणतात. दरवेळी ते चूक नसतं, पण दोघींचं नातं तपासलेलं असावं लागतं. कॅस्ट नावाची औषधचाचणी याचं गाजलेलं उदाहरण आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ज्यांच्या हृदयात अनियमित ठोके पडतात त्यांना मृत्यूचा धोका जास्त, हे माहीत होतं. मग ते ठोके दाबणारी औषधं दिली तर माणसं वाचतील, असं गृहीत धरलं गेलं. औषधांनी ठोके खरंच कमी केले. पण १९८९ मध्ये त्यातल्या दोन औषधांची चाचणी थांबवावी लागली, कारण नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपेक्षा ही औषधं घेणाऱ्यांत मृत्यू जास्त होते. सरोगेट सुधारला, माणसं मात्र दगावली.

माझी चूक लहान, पण जात तीच. आईला पास्कल नको होते. फरशी आरशासारखी चकचकीत हवी असंही तिचं म्हणणं नव्हतं. तिला वाकायला लागू नये, एवढंच हवं होतं. मग मोजायचं तेच: आठवड्यात आई किती वेळा वाकते?

एक आठवडा, भिंतीवरचं कॅलेंडर आणि पेन्सिल

आईला सांगितलं, मशीनसाठी वाकलीस की एक रेघ मार. मी मधे पडायचं नाही असं ठरवलं. कारण मी घरात असले की पटकन मीच उठते, म्हणजे निरीक्षकानेच निकाल बदलला. आठवड्याअखेर ३६ रेघा झाल्या:

- पुसायचं फडकं काढणं, धुणं, परत लावणं: १४
- उंबऱ्याशी अडकलेलं मशीन उचलणं: ११
- केसांनी भरलेला डबा रिकामा करणं: ८
- ब्रशला गुंडाळलेले केस कापणं: ३

आणि ते ब्रशचे केस बहुतेक आईचेच होते! मांजराचे केस आखूड असतात, ते डब्यात आणि फिल्टरवर जाऊन बसतात. मी मात्र सगळा दोष मनी-गोट्यावर टाकून मोकळी झाले होते.

इथे एक कबुली देते. मशीन यायच्या आधी आई किती वेळा वाकत होती, हे मी मोजलंच नव्हतं. बेसलाइन नाही. त्यामुळे त्या मशीनने फायदा झाला की तोटा, हे मला आजही सांगता येत नाही. तुम्ही तरी हे विसरू नका.

एका वेळी एकच बदल

आधी उंबरा. पट्टीने मोजला तर तीन सेंटीमीटर निघाला. असे बरेच रोबो साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतच चढतात. सुताराकडून फळीचा उतार करून दोन्ही बाजूंना बसवला. पुढच्या आठवड्यात ११ च्या जागी १ रेघ आली. नवीन मशीन आणि उतार एकदम आणले असते, तर सगळं श्रेय मशीनला गेलं असतं.

उरलेल्या रेघांसाठी मशीन बदलावंच लागलं. जुनं लॅबमधल्या मैत्रिणीने निम्म्या किमतीत घेतलं. तिच्याकडे मांजर नाही. या वेळी तक्त्याचे रकाने रेघांवरून ठरवले: डबा स्वतः रिकामा करणारा डॉक, फडकं धुऊन गरम हवेने वाळवण्याची सोय, केस कमी गुंडाळणारा रबरी ब्रश. सक्शनचा रकाना शेवटी ठेवला.

पण नव्या सोयीबरोबर नवं काम येतं. डॉकची पाण्याची टाकी चार लिटरची, म्हणजे भरल्यावर चार किलोहून जास्त. वाकणं कमी झालं तरी ओझं वाढलं असतं. म्हणून टाकी जागेवरच ठेवून तांब्याने अर्धीच भरायची असं ठरवलं.

जे रेघांत येत नाही

आई पुसायच्या पाण्यात फिनाईल घालायची. मांजराच्या यकृतात फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करणारी यंत्रणा फार कमकुवत असते, आणि मांजर फरशीवरून चालून तेच पाय चाटतं. वाकणं शून्यावर आणलं आणि मनी आजारी पडली, तर काय उपयोग? आता टाकीत फक्त साधं पाणी असतं.

दुसरी गोष्ट घाणीची. एका अमेरिकन कंपनीने २०२१ मध्ये आपला कॅमेरेवाला रोबो पाळीव प्राण्यांची विष्ठा टाळेल, नाहीतर मशीन बदलून देऊ, अशी हमी दिली. त्यात शब्द होता 'घन'. व्याख्या नीट वाचायची ती अशी. गोट्याने केसांचा गोळा ओकला तर तो या व्याख्येत बसत नाही, आणि पुसणारा रोबो ते घरभर पसरवणार. म्हणून मशीन रात्री लावायचं नाही. आई जागी असताना, एक नजर टाकून मगच लावायचं.

परवा आईने कॅलेंडरचा फोटो पाठवला. आठवड्याच्या ७ रेघा: चार घाण पाणी ओतायच्या, बाकी किरकोळ. खाली तिने लिहिलं होतं, "यातली एक गोट्याला उचलायला वाकले, ती धरू नकोस."

तुमच्या प्रपोजलचा मसुदा उघडा आणि वर एका ओळीत लिहा: कुणाच्या बाबतीत काय बदलायला हवं, आणि ते बदललं हे मी काय मोजून सांगणार? ती ओळ लिहिता येत नसेल, तर पुढचा तक्ता करायची घाई करू नका.