लाकडी जमीन, काँक्रीट लादीवरील
गच्ची, सज्जा, अंगण किंवा ओसरीपुढील मोकळी जागा यांवर आधीच असलेल्या काँक्रीटच्या लादीवर आधारपट्ट्या मांडून व त्यांवर फळ्या जडवून केलेल्या उघड्यावरील जमिनीला ही संज्ञा लावतात. तिला ‘डेक’ असेही म्हणतात. ही संज्ञा जहाजाच्या फळ्यांच्या तळावरून आली आहे. उन्हात लाकूड काँक्रीट वा फरशीइतके पायाला पोळत नाही. लाकडी जमीन वजनाने हलकी असते आणि लादी न फोडता बसविता येते. मात्र ती लादीतील दोष झाकते, दूर करीत नाही. म्हणून अशा कामाचे यश फळ्यांच्या प्रतीइतकेच, किंबहुना अधिक, लादीच्या स्थितीवर व पाण्याच्या निचऱ्यावर अवलंबून असते.

लादीची तपासणी : प्रथम लादी हातोडीने ठोकून पाहतात. पोकळ आवाज येत असल्यास वरचा थर सुटलेला असतो किंवा आतील लोखंडी गज गंजून फुगलेले असण्याचा संभव असतो. गच्चीच्या बाबतीत निचऱ्याची तोंडे बंद करून लादीवर सु. २५ मिमी. पाणी ४८ तास साठवितात व खालच्या खोलीचे छत पाहतात. ओल दिसल्यास जलरोधक थराची दुरुस्ती आधी करावी लागते, कारण जमीन बसविल्यावर गळतीची जागा शोधणे फार कठीण जाते. जुन्या गच्च्यांवर वीटतुकड्यांचा कोबा असतो. त्यातील भेगा याच वेळी बुजवितात. लादीला निचऱ्याच्या दिशेने सु. १०० स १ या प्रमाणात उतार असणे आवश्यक असते.

यानंतर भाराचा विचार करतात. सागवानाची घनता घ. मी. ला सु. ६५० किग्रॅ. धरल्यास २० मिमी. जाडीच्या फळ्या व ४०० मिमी. अंतरावरील ५० × ७५ मिमी. च्या पट्ट्या यांचे वजन चौ. मी. ला सु. २० किग्रॅ. भरते. गिलाव्यावर बसविलेल्या फरशीचे वजन याच्या कितीतरी पट असते. तथापि लाकडी जमीन झाली की तेथे माणसे, कुंड्या व आसने यांची गर्दी वाढते. भिंतीबाहेर काढलेल्या जुन्या सज्जाच्या बाबतीत अभियंत्याचा सल्ला घेणे इष्ट असते. जमिनीची पातळी जितकी वर येते तितकी कठड्याची उंची कमी होते. नव्या पातळीपासून कठडा १ मी. पेक्षा कमी उरत असेल, तर तो वाढविणे सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक ठरते. पावसाचे पाणी घरात येऊ नये म्हणून फळ्यांचा पृष्ठभाग दाराच्या उंबरठ्यापेक्षा खाली ठेवतात.

लाकडाची निवड : उघड्यावरील लाकूड सतत भिजते व वाळते. त्यातील जलांश सु. २० टक्क्यांच्या खाली राहिल्यास ते कुजविणारी कवके सहसा वाढत नाहीत. सागाचे मध्यकाष्ठ टिकाऊ असते, परंतु त्याच वृक्षाचे फिकट रसकाष्ठ लवकर कुजते व त्याला कीड लागते. त्यामुळे रसकाष्ठ असलेल्या फळ्या वगळतात. ब्राझीलमधील ईपे हे अतिशय जड व टिकाऊ लाकूड आहे. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०२४ पासून ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रण आले आहे. पाइनसारखी मऊ लाकडे दाबाखाली परिरक्षक भरून किंवा सु. १८० ते २३० से. तापमानाला तापवून वापरतात.

तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या संयुगांचे बनविलेले परिरक्षक सोंती कामेसन यांनी देहरादून येथील वन संशोधन संस्थेत १९३३ मध्ये शोधून काढले व ते जगभर वापरात आले. आर्सेनिकाच्या विषारीपणामुळे अमेरिकेत निवासी वापराच्या लाकडासाठी त्याचा उपयोग २००३ च्या अखेरीस थांबविण्यात आला. त्याऐवजी आलेल्या ताम्रप्रधान परिरक्षकांमुळे साधे लोखंड लवकर गंजते. म्हणून अशा लाकडाला अगंज पोलादाचे किंवा जाड जस्तलेप दिलेले स्क्रू वापरतात.

रचना व बांधणी : आधारपट्ट्या लादीवर सरळ टेकविल्यास त्यांच्याखाली पाणी साचते व त्या फळ्यांच्या आधी कुजतात. म्हणून त्यांच्याखाली रबराचे अथवा प्लॅस्टिकाचे ठोकळे ठेवतात. पट्ट्यांची दिशा लादीच्या उताराला समांतर ठेवतात, म्हणजे पाणी अडत नाही. चार मी. लांबीत १०० स १ या उताराने ४० मिमी. फरक पडतो. तो ठोकळ्यांची उंची क्रमाने वाढवून भरून काढतात व पाणसळीने पातळी तपासतात. गच्चीवर ठोकळे किंवा पट्ट्या लादीला स्क्रूने जखडत नाहीत, कारण एका छिद्रानेही जलरोधक थर निकामी होऊ शकतो. पट्ट्या आपापसांत आडव्या तुकड्यांनी जोडून एकसंध चौकट करतात. उंच इमारतींवर व समुद्रकिनारी वाऱ्याने चौकट उचलली जाऊ नये म्हणून ती जलरोधक थराच्या वर, भिंतीला अडकवितात. जमिनीलगतच्या लादीवर जखडण्यास हरकत नसते, परंतु तेथे वाळवीविरुद्ध उपाय करावे लागतात.

फळ्या पट्ट्यांना काटकोनात बसवितात. लाकूड लांबीत जवळजवळ आकुंचन पावत नाही. रुंदीत मात्र ते जलांशानुसार आकुंचते व फुगते. जलांश १० टक्क्यांनी वाढल्यास १०० मिमी. रुंदीची सागाची फळी सु. २ मिमी. पर्यंत रुंदावू शकते. कोकणात उन्हाळ्यात जडविलेल्या कोरड्या फळ्या पावसाळ्यात फुगतात. त्यामुळे दोन फळ्यांत ४ ते ५ मिमी. व भिंतीलगत सु. १० मिमी. फट ठेवतात. फटी न ठेवल्यास फळ्या एकमेकींना रेटून उचलल्या जातात. प्रत्येक पट्टीवर फळीला दोन स्क्रू बसवितात व फुटू नये म्हणून आधी छिद्रे पाडतात. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या सु. अडीचपट असावी. जेथे दोन फळ्यांची टोके जुळतात तेथे जोडपट्ट्या देतात, म्हणजे प्रत्येक टोकाला स्वतंत्र आधार मिळतो. कापलेल्या टोकांतून पाणी सर्वांत लवकर शिरते, म्हणून त्यांना परिरक्षक किंवा मेण लावतात. निचऱ्याच्या तोंडावरील भाग उचलता येईल असा सुटा ठेवतात.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी सुटा भाग उचलून खालील पाने व माती काढणे, फटी मोकळ्या करणे व सैल स्क्रू आवळणे ही मुख्य कामे होत. सूर्यप्रकाशाने लाकूड करडे पडते, परंतु त्यामुळे त्याचे बळ फारसे घटत नाही. रंग टिकवायचा असल्यास तेल वेळोवेळी लावावे लागते. पूर्ण बंद पापुद्रा करणारे रोगण तडकते व त्याखाली ओल कोंडते. शेवाळाने पृष्ठभाग निसरडा होतो, म्हणून तो ताठ कुंच्याने घासतात. योग्य निचरा व हवा मिळालेली जमीन दीर्घकाळ टिकते. याउलट, उत्तम सागवानही साचलेल्या पाण्यावर बसविल्यास थोड्याच वर्षांत खालून कुजू लागते आणि फळ्या वरून धड दिसत असल्यामुळे हा धोका पाय घसरेपर्यंत किंवा फळी मोडेपर्यंत ध्यानात येत नाही.