कस्टमर केअरचा नंबर कुठून आला?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

आजचा विषय माझ्याच घरातून आलाय. आम्ही मरोळला राहतो. त्या दिवशी माझं वर्क फ्रॉम होम होतं. आतल्या खोलीत हेडफोन लावून मीटिंग चालू होती आणि बाहेर आमचं वॉशिंग मशीन पाणी सोडत नव्हतं. आईने गूगलवर कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर नंबर' असं टाकलं. वर आलेला पहिला नंबर फिरवला. समोरचा माणूस एकदम नम्र. तक्रार लिहून घेतली, मशीनचं मॉडेल विचारलं, उद्या सकाळी 11 ला माणूस येईल म्हणाला. फक्त नोंदणीचे 10 रुपये भरायचे होते. लिंक उघडेना, तर म्हणाला, "मॅडम, एक छोटं सपोर्ट अ‍ॅप टाका, मी इथून मदत करतो." आईने अ‍ॅप टाकलं, त्यातला आकडा वाचून दाखवला आणि 10 रुपये भरायला फॉर्ममध्ये डेबिट कार्डाचा नंबर टाकला.

दोन व्यवहारांत 38,500 रुपये गेले. मी भिंतीपलीकडे बसलो होतो, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर.

नेमकं काय झालं?

ते अ‍ॅप रिमोट अ‍ॅक्सेसचं होतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही या जातीतली प्रसिद्ध नावं. ही अ‍ॅप्स मुळात वाईट नाहीत, ऑफिसात आयटीवाले रोज वापरतात. पण तो 9-10 आकडी कोड दिला आणि परवानगीचं बटण दाबलं, की तुमची स्क्रीन समोरच्याला दिसायला लागते. आईने कार्डाचा नंबर टाकला, मागचे तीन आकडे टाकले, ते त्याने पाहिले. मग त्याने स्वतः व्यवहार सुरू केला. ओटीपीचा मेसेज स्क्रीनच्या वरच्या कडेला आला, तोही त्याने वाचला. "मी ओटीपी कुणालाच सांगितला नाही," हे आईचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. सांगायची गरजच पडली नाही.

रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केलं होतं. आता काही टोळ्या व्हॉट्सअ‍ॅपवर थेट एपीके फाइल पाठवतात. ती टाकली आणि एसएमस वाचायची परवानगी दिली, की ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जातात. स्क्रीन बघत बसायचेही कष्ट नाहीत.

हा धंदा आपल्या शेजारचाच

आपल्याला वाटतं, हे सगळं कुठेतरी लांब चालतं. पण अंधेरीहून गाडी पकडा, दहिसर ओलांडलं की मीरा रोड. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी तिथल्या कॉल सेंटरांवर रात्री धाड टाकली. 700 च्या वर लोकांना ताब्यात घेऊन चौकशी केली आणि 70 जणांना अटक केली. ही मुलं अमेरिकेत फोन लावून "आम्ही तुमच्या टॅक्स खात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर पोलीस येतील" असं सांगायची आणि आयट्यून्सच्या गिफ्ट कार्डांचे नंबर काढून घ्यायची. मुख्य संशयित, ज्याला सगळे 'शॅगी' म्हणायचे, तो एप्रिल 2017 मध्ये मुंबई विमानतळावर पकडला गेला.

तिथे टॅक्सची भीती होती, टेक सपोर्टवाले व्हायरसची घालतात. कॉम्प्युटरवर अचानक पूर्ण स्क्रीनभर लाल इशारा, भोंग्याचा आवाज आणि खाली 'मायक्रोसॉफ्टचा' फोन नंबर. फोन केला की ते विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवतात. त्यात एरर आणि वॉर्निंग भरलेल्या असतात. पण त्या माझ्या, तुमच्या, अगदी नव्या कोऱ्या मशीनवरही असतात! बघणाऱ्याला ते माहीत नसतं, तो घाबरतो. ऑक्टोबर 2023 मध्ये सीबीआयने 'ऑपरेशन चक्र-2' मध्ये देशभर 76 ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली दोन प्रकरणं मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅमेझॉनच्या तक्रारींवरून नोंदवलेली होती, आणि विषय हाच होता, खोटा टेक सपोर्ट.

मीरा रोडचं उदाहरण मी मुद्दाम घेतलं, कारण फोनवर बसलेली बरीच मुलं आपल्याच वयाची होती. हातात लिहून दिलेली स्क्रिप्ट. तुम्ही हे बोललात तर हे उत्तर, तुम्ही रागावलात तर ते उत्तर. म्हणून त्यांच्याशी वाद घालून जिंकायला जाऊ नका. तुमचा प्रत्येक प्रश्न त्यांनी दिवसातून पन्नासदा ऐकलेला असतो. फोन ठेवा, बस्स.

एकच प्रश्न विचारा

"अनोळखी फोन उचलू नका" हा सल्ला आपण घरच्यांना देतो. आईच्या बाबतीत तो कुचकामी ठरला, कारण फोन तिनेच केला होता. म्हणून मी आता घरात वेगळा प्रश्न ठरवलाय: हा नंबर मला कुठून मिळाला?

समोरून फोन आला, तर नंबर त्यांचा. स्क्रीनवरच्या लाल इशाऱ्यात दिसला, तर नंबर त्यांचा. एसएमसमध्ये आला, तरी त्यांचा. आणि गूगल सर्चमध्ये वर दिसला, तर तो तिथे कुणी टाकला हे तुम्हाला कळत नाही, कारण जाहिरात पैसे देऊन टाकता येते आणि नकाशावरच्या माहितीत फेरफार सुचवता येतो. या चारही वाटांनी आलेल्या नंबरवर काम करायचं नाही.

मग कुठला नंबर वापरायचा? बँकेसाठी कार्डाच्या मागचा किंवा पासबुकावरचा. मशीनसाठी वॉरंटी कार्डावरचा, बिलावरचा, किंवा मशीनवर चिकटवलेल्या स्टिकरवरचा. अ‍ॅपची अडचण असेल तर त्याच अ‍ॅपमधल्या 'हेल्प'मधून. मायक्रोसॉफ्टचं तर साधं आहे. त्यांच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला म्हणजे इशारा खोटा. ब्राउझर बंद करा. बंद होत नसेल तर टास्क मॅनेजरमधून बंद करा, नाहीतर मशीन रीस्टार्ट मारा.

आणि पैसे परत मिळवायला कार्ड नंबर, पिन किंवा स्क्रीन शेअर लागत नाही. यूपीआय पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्याकडून जातात, येत नाहीत.

फसलात, तर हा क्रम

पहिलं, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफायही बंद आहे ना बघा. समोरच्याचा हात तिथेच तुटतो. मग ते अ‍ॅप काढून टाका.

दुसरं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा. इथे मिनिटं मोजा. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची असली तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं. कळवण्याआधीचं मात्र आपलं.

तिसरं, 1930 वर फोन करा. ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. पैसे ज्या खात्यात गेले तिथे, आणि तिथून पुढच्या खात्यात, ते अडवायचा प्रयत्न होतो. चोर ते तासाभरात चार खात्यांतून फिरवतात, म्हणून लवकर. व्यवहाराचा नंबर, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर लेखी तक्रार. स्क्रीनशॉट आणि कॉल लॉग डिलीट करू नका.

चौथं, ईमेल आणि बँकेचे पासवर्ड बदला, पण त्या फोनवरून नाही, दुसऱ्यावरून.

पैसे गेले नाहीत, नुसता संशयास्पद फोन आला, तर संचार साथीच्या 'चक्षू' सुविधेवर तो नंबर कळवा. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटचं, आणि माझ्यासाठी सगळ्यात अवघड

आईने मला हे दोन तासांनी सांगितलं, चहा ठेवताना. मी पहिलं वाक्य काय बोललो? "अगं, एवढं पण कळत नाही का?" मग 1930 लावला. 14,500 रुपये एका वॉलेटमध्ये अडवता आले. 24,000 तोपर्यंत पुढे गेले होते.

नंतर विचारलं, लगेच का नाही सांगितलंस? म्हणाली, "तू मीटिंगमध्ये होतास, आणि म्हटलं, तू ओरडशील."

ते दोन तास चोराने नाही, माझ्या स्वभावाने खाल्ले. मी तिचा नवा फोन सेट करताना वैतागायचो, तेच तेच विचारलं की उसासे टाकायचो. त्यामुळे मशीनसाठीही तिला माझ्यापेक्षा गूगलवरचा अनोळखी माणूस बरा वाटला. तो निदान "मॅडम" म्हणत होता.

तर आजचा गृहपाठ. आज रात्री घरी फ्रिज, मशीन, बँक, गॅस यांचे खरे नंबर कार्डांवरून आणि बिलांवरून शोधा आणि आईबाबांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. 1930 पण टाका. आणि त्यांना सांगा, काही झालं तर मीटिंग चालू असली तरी दार वाजवा, मी ओरडणार नाही. आणि खरंच ओरडू नका!

भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या.